टाचेखालची चार बोटं

आई,

आपण बुटक्या बायका. तू चार फूट नऊ, मी चार फूट दहा, आणि त्या एका इंचावरून तू मला जन्मभर "उंच गं माझी बाय" म्हणत राहिलीस. आपल्यासारख्या हजारो जणी या शहरात आहेत आणि आपल्या सगळ्यांची तक्रार एकच आहे: हे शहर बांधताना आपल्याला कोणी विचारलं नाही. बँकेच्या काउंटरवर आपली हनुवटी कशीबशी पोचते. बसमधली वरची दांडी धरायची तर चवड्यांवर उभं राहावं लागतं. नव्या इमारतींतले ओटे असे, की पोळी लाटताना खांदे कानाला लागतात. मी सभेत बोलायला उठले की आधी स्टूल शोधायची धावपळ होते, आणि ते मिळेपर्यंत श्रोत्यांना माईक बोलतोय असंच वाटत असतं. यातल्या प्रत्येक ठिकाणी चूक आपल्या उंचीची ठरते, वस्तूच्या मापाची कधीच नाही. हे मी गावोगाव घसा कोरडा करून सांगते. पण मला हे पहिल्यांदा कळलं ते कुठल्या पुस्तकात नाही. ते एका मोटारीच्या पेडलांपाशी कळलं, आणि तिथे तू उकिडवी बसली होतीस.

येत्या शनिवारी परळच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम आहे. गाडी शिकून लायसन्स मिळवलेल्या बायकांची एक तुकडी आहे, त्यांनी मला बोलावलंय. फोनवर त्यांच्यातली एक जण म्हणाली, "मॅडम, बाकी काहीही बोला, पण ती पेडलची गोष्ट सांगाच." ती गोष्ट मी इतक्या सभांत सांगितली आहे की आता तिच्यातल्या टाळ्यांच्या जागासुद्धा मला पाठ आहेत. या वेळी ती नेहमीसारखी सांगायची की जशी घडली तशी, हे मला शनिवारच्या आत ठरवायचं आहे. म्हणून आधी तुला लिहिते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे असलेल्या आपण दोघीच, आणि तुला जाऊन अकरा वर्षं झाली.

ती गाडी तुला आठवत असेल. विटकरी रंगाची, सेकंडहँड, मी चाळिशीत हौसेनं घेतलेली. काळाचौकीला आमच्याकडे गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून ती घोडपदेवला तुझ्या चाळीखाली असायची आणि तू रोज सकाळी तिच्यावर ओला फडका मारायचीस. मोटार ट्रेनिंगवाल्यानं मला पहिल्याच दिवशी पाहून सांगितलं होतं, "पाठीमागे उशी घ्या मॅडम, लेडीजचं असंच असतं." मी उशी घेतली. सीट पुढच्या शेवटच्या खाचेपर्यंत ओढली. छाती चाकाला टेकायची, गुडघे डॅशबोर्डखाली अडकायचे, आणि तरी क्लच पुरता दाबायला मला कमरेतून खाली सरकावं लागायचं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होत असेल. आपल्याला जे टोचतं ते सगळ्यांनाच टोचत असणार, असं समजून गप्प बसायची सवय आपल्याला फार लहानपणापासून लागते.

मग माझगावचा तो दिवस. सकाळची वेळ आहे, मी भाऊच्या धक्क्याच्या रस्त्यानं परत येते आहे, आणि डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक कोळीण रस्ता ओलांडते आहे. मला ती लांबूनच दिसली आहे. मी पाय एक्सलेटरवरून उचलते, ब्रेकवर ठेवायला जाते, आणि पाय मध्येच अडकतो. चपलेची कड ब्रेकच्या पेडलच्या खालच्या बाजूला रुतून बसली आहे. पाय वर येत नाही, खाली जात नाही. मी हँडब्रेक खेचला. गाडी गचका खाऊन थांबली तेव्हा बंपर त्या बाईच्या लुगड्याला लागला होता. फक्त लुगड्याला. ती हलली नाही, डोक्यावरची पाटीही हलली नाही. माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "अगो बाय, गाडीला ब्रेक हाय का नाय? का सकाळी सकाळी माझ्या पाया परायला आलीस?" आणि निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. मागून हॉर्न वाजत होते. 

दुसऱ्याच दिवशी मी मागच्या काचेवर कागद चिकटवला: गाडी विकणे आहे. रविवारी बघायला येतो असं एक गिऱ्हाईक म्हणालंही. तू तो कागद फडका मारताना वाचलास.  संध्याकाळी मी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस आणि पाठमोरीच बोललीस.

"परवा विहारात माईकवर काय बोललीस गं?"

"कुठे काय?"

"तिसऱ्या रांगेत होते मी. बायांनो, चाक आपल्या हातात घ्या, बोललीस. टाळ्या घेतल्यास."

"ते वेगळं, आई. ते एक उदाहरण होतं."

"असं व्हय. मग खालच्या गाडीचं चाक पण उदाहरणच असेल. विकायला काढलंस ते."

मी चिडले. म्हणाले, मला नाही जमत, एक बाई मरता मरता वाचली, माझे पाय आखूड आहेत, ही वस्तू माझ्यासाठी नाहीच. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, बोटं पदराला पुसलीस आणि माझ्याकडे वळलीस. "पाय आखूड नाहीत. पाय आहेत तेवढेच आहेत. ब्लाउज बसला नाही तर मी गिऱ्हाइकाला सांगते का, तुझे दंडच चुकले म्हणून?" मी आयुष्यात पुष्कळ वाचलं, आई. समतेवर मोठमोठ्या माणसांनी लिहिलेली जाड पुस्तकं वाचली, खुणा करून वाचली. त्यांतलं एकही वाक्य मला तुझ्या या वाक्याइतकं लागलं नाही.

तू बोलत होतीस ते शिलाई मशीनच्या अनुभवावरून, हे मला नंतर कळलं. खिडकीखालची तुझी पायाची मशीन आठवते मला. ती घेतलीस तेव्हा म्हणे तुझे पाय पायडलवर नीट टेकायचे नाहीत. खाली बसलीस तर पाय टेकत पण टेबल गळ्याशी येई, वर बसलीस तर टेबल बरोबर पण पाय लोंबकळत. शेजारणींनी सांगितलं, बसायला उशी घे, सवय होईल. तू सवय करून घेतली नाहीस. तू पायडलवरच एक फळी बसवलीस, सुतळीनं नव्हे, खिळ्यांनीही नव्हे, चार बोल्ट घालून, कारण फळी हलली तर पाय हलतो आणि पाय हलला तर चाक उलटं फिरून दोरा तुटतो. "टाच आणि चवडा, दोन्ही टेकले तरच मशीन आपलं ऐकते," असं तू शिकायला येणाऱ्या पोरींना सांगायचीस. मी त्याच खोलीत अभ्यास करत मोठी झाले आणि ते वाक्य मी हजारदा ऐकलं. पण मोटारीत बसल्यावर ते मला आठवलं नाही. शिलाई ही बायकांची आणि मोटार ही पुरुषांची, अशी भिंत माझ्याही डोक्यात होतीच, आणि मी भिंती पाडायच्या गोष्टी करत फिरत होते.

त्या शनिवारी सकाळी तू मला गाडीत बसवलंस. दार उघडं, गळ्यात मेजर टेप, कानावर खडू. तू दारापाशी उकिडवी बसलीस आणि माझ्या पायांकडे बघत राहिलीस. म्हणालीस, दाब. मी क्लच दाबला. सोड. पुन्हा दाब. मग तू माझ्या टाचेखाली हात सरकवलास.

"ह्यात माझी चार बोटं जातात," तू म्हणालीस. "चार. टाच अधांतरी आहे तुझी. टेकायला जागाच नाही तर पायाला कसं कळणार किती दाबायचं ते?"

तोवर चाळीचे सगळे कठडे भरले होते. दुसऱ्या माळ्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय काकी, गाडीला ब्लाउज शिवताय काय?" तू मान वर न करता म्हणालीस, "हो. कापड उरलं तर तुझ्या तोंडाला अस्तर लावते." सगळी चाळ हसली. मी मात्र लाजेनं आत वितळत होते. एवढी मोठी भाषणं करणारी बाई, आणि आई भर गल्लीत तिच्या टाचांची मापं घेते आहे. तू तुझ्या मापांच्या वहीत एक कोरं पान काढलंस. त्याच्या आधीच्या पानावर कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाउजची मापं होती. तू लिहिलंस: डावी टाच, पावणेतीन. उजवी टाच, सव्वादोन. ब्रेक आणि एक्सलेटर यांत वर-खाली, दोन. आणि त्या शेवटच्या आकड्याखाली तू खडूनं रेघ मारलीस. "चप्पल इथं अडकली तुझी. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारायला लावलीये पायाला."

गॅरेज त्याच गल्लीच्या टोकाला होतं. मिस्त्री पान खात बसला होता. तू वही त्याच्यापुढे धरलीस. त्यानं वही उलटी धरून पाहिली, मग सुलटी.

"अम्मा, ये कंपनी का सेटिंग है. ये टेलर का काम नहीं."

"टेलर का ही काम है," तू म्हणालीस. "रेडीमेड लिया, फिटिंग नहीं बैठा. अल्टर करने का."

तो हसला, पण उठला. तुझं हिंदी असं होतं की समोरच्याला हसावंच लागे आणि ऐकावंही लागे. मी मध्ये पडून ब्रेक सरळ दोन इंच खाली घ्या म्हणाले, तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघत समजावलं, की ब्रेकचं पेडल मनाला येईल तसं वर-खाली होत नाही. दाबायच्या आधी ते थोडं मोकळं हलायलाच हवं. तेवढी ढील ठेवली नाही तर ब्रेक लागलेलाच राहतो, तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. त्यानं तुझा हात धरून पेडलवर ठेवला. तू बोटांनी दाबून बघितलंस आणि तुझा चेहरा उजळला. "समजलं. वरचा दोरा जास्त आवळला की कापड गोळा होतं. तसंच ना?" मिस्त्रीला मराठी पुरतं कळलं नसावं, पण शिलाई कळली. त्याची आईही शिवायची, तो म्हणाला.

पुढचे दोन तास तुम्ही दोघं बोलत होतात आणि मी टायरवर बसून होते. त्यानं ब्रेक जेवढा खाली येऊ शकतो तेवढाच, अगदी थोडा, खाली घेतला आणि एक्सलेटर वर घेतलं, म्हणजे पाय न उचलता बाजूला सरकवला तरी पुरे. क्लच पुरता दाबायच्या आधीच सुटेल असा बेतला. आणि टाचांसाठी तुझ्या मापाची लाकडी फळी. मी म्हणाले, फळी नुसती ठेवू, लागेल तेव्हा काढता येईल. तुम्ही दोघं एकदम "नाही" म्हणालात, दोन भाषांत. सुटी फळी सरकून ब्रेकखाली गेली तर पेडल दबणारच नाही, तो म्हणाला. तू म्हणालीस, "टाचण्या लावून गिऱ्हाइकाला घरी पाठवत नाहीत. टीप मारायची." मग ती फळी बोल्ट घालून गाडीच्या तळाला आवळली गेली आणि वर रबर ठोकलं गेलं. मी बसले. सीट एक खाच मागे घेतली. दोन्ही टाचा टेकल्या. इतके महिने ज्या गाडीला मी घाबरत होते ती मला पहिल्यांदा गाडी वाटली, सापळा वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण निघालो. तू माझ्या शेजारी बसलीस. घोडपदेवपासून धक्क्याच्या रस्त्यापर्यंत तू एकदाही समोर पाहिलं नाहीस. मान वाकवून माझ्या पायांकडे बघत होतीस, शिवून झालेल्या कपड्याची शिवण उलटून बघावी तशी. "आता दाब. सोड. सावकाश. परत एकदा." रिकाम्या रस्त्यावर मी बारा-पंधरा वेळा थांबले असेन. एकदाही चप्पल अडकली नाही. शेवटी तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "बसलं." तुझ्या तोंडी यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. परत आलो तर ते गिऱ्हाईक खाली उभं होतं. मी काही बोलायच्या आत तूच त्याला सांगितलंस, "नाही विकायची. अल्टर केलेलं दुसऱ्याला बसत नाही."

त्या गाडीनं मी पुढे किती वर्षं फिरले ते तुला माहीत आहे. जिथे शेवटची बस लवकर जाते तिथल्याही सभा मला घेता आल्या त्या तिच्यामुळे. गाडी गेली, दुसरी आली, तिच्याही टाचेखाली मी मापाची फळी बोल्टनं बसवून घेतली. इथवर सगळं ठीक आहे. आता जे सांगायचं आहे ते सांगते.

सभांत मी जी गोष्ट सांगते, तीत तू माप घेत नाहीस. मी घेते. मी गाडीतून उतरते, मी उकिडवी बसते, टाचेखाली चार बोटं मी घालते. "रेडीमेड लिया, फिटिंग नहीं बैठा" हे मिस्त्रीला मी ठणकावते. टाळ्या तिथेच पडतात. तू त्या गोष्टीत आहेस, पण मागच्या सीटवर, डोळे गच्च मिटून, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बसलेली एक घाबरट म्हातारी. तिथे हशा येतो. तो हशा मला फार नेमका जमतो, आई.

पहिल्यांदा हे झालं ते घाईत झालं. मला पाच मिनिटं दिली होती आणि तुझी मशीन, ती फळी, ते शिकायला येणाऱ्या पोरींना सांगणं हे सगळं त्यात मावत नव्हतं. म्हणून मी ते कापलं आणि सगळं माझ्या नावावर शिवून टाकलं. ते छान बसलं. मग मला वाटायला लागलं की तेच बरोबर आहे. चाळिशीची, शिकलेली, बोलणारी बाई, आणि तिला तिची आई गॅरेजमध्ये घेऊन जाते, हे ऐकून कोणाला स्फूर्ती येणार, असं मी स्वतःला समजावलं. बायकांचं काम बिननावी राहतं, त्यांची अक्कल दुसऱ्याच्या नावावर चढते, याच्यावर मी तासभर न थांबता बोलू शकते. त्याच भाषणात, त्याच श्वासात, मी तुझी अक्कल माझ्या नावावर चढवते आणि खाली उतरून पाणी पिते. तुझ्या हयातीत मी ही गोष्ट तू समोर असताना कधी सांगितली नाही. ते आपोआप घडलं नव्हतं. मी सभेची वेळ तुला चुकीची सांगायचे.

तुझी मापांची वही माझ्याकडेच आहे. डावी टाच, पावणेतीन. अक्षर तुझं, माझं नव्हे. शनिवारी ती घेऊन जायचं आणि सगळं जसं घडलं तसं सांगायचं असं मी आज ठरवलं आहे. पण मला माझी जीभ ठाऊक आहे. हॉल भरला, माईक गरम झाला, की ती सवयीच्या वाटेनं पळते आणि मला मागे ठेवते. तुझ्या नावानं लिहिलेलं हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, त्याला पत्ता नाही. म्हणून याची एक प्रत मी शनिवारी सुरुवातीलाच पहिल्या रांगेत देणार आहे, आणि शेवटचं तुझ्याशी नाही, त्यांच्याशी बोलते.

बायांनो, मी मोठी बोलकी आहे आणि या एका बाबतीत भरवशाची नाही. शनिवारी बोलता बोलता माझ्या तोंडून "मी माप घेतलं" असं निघालं, तर टाळ्या वाजवू नका. तुमच्यातल्या कोणीही एकीनं तिथल्या तिथे उभं राहा आणि मला मोठ्यानं विचारा, माप कोणी घेतलं.